झळाळीची जाडी

लोखंड म्हातारं होतं ते तांबडं होऊन, तांबं हिरवट होऊन. ॲल्युमिनिअम मात्र गाजावाजा न करता नुसतं राखाडी होत जातं. ताज्या पत्र्याला हवा लागली की क्षणात त्याच्यावर ऑक्साइडचा पापुद्रा धरतो. काही नॅनोमीटर जाडीचा, नजरेला न दिसणारा. खालच्या धातूची राखण तोच करतो, म्हणून ॲल्युमिनिअम लोखंडासारखं गंजून भुगा होत नाही. पण उन्हापावसात वर्षं गेली, हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठाचे शिंतोडे उडाले, झाडांचा चीक ठिबकला, की वरचा थर खरबरीत होत जातो आणि अंगावर पडलेला उजेड सरळ परत न येता चहूकडे विखुरतो. पत्रा धडधाकट असतो. त्यात समोरचं काही दिसेनासं होतं, एवढंच.

आमच्या ओहायोत असे राखाडी झालेले पत्रे जागोजाग भेटतात. एखाद्या कोठाराच्या आडोशाला, मक्याच्या शेताच्या कडेला, मोटारीमागे जोडून न्यायचं एखादं जुनं घर उभं असतं. दोन्ही टोकांना गोलाई, अंगभर रिवेट, चाकांत गवत वाढलेलं. हे एअरस्ट्रीम. डेटन शहराच्या उत्तरेला जॅक्सन सेंटर नावाचं लहानसं गाव आहे, तिथे 1952 पासून ही घरं बनतात. आमच्या शेजाऱ्यांकडे 1967 सालचं 'कॅराव्हेल' आहे, सतरा फुटी, त्या घराण्यातलं धाकटं. शेजारी सत्तरी ओलांडलेले, उभा जन्म लेथवर काम केलेले. त्यांनी ते पॉलिश करायला काढलं तेव्हा मी हाताखाली गेले, आणि त्या कामाचा मला लळाच लागला.

हे घर रचणाऱ्या वॉली बायमची गोष्ट मला फार आवडते. ओरेगॉनमध्ये जन्मलेला हा माणूस पोरवयात मेंढ्या राखायचा आणि गाढवाने ओढायच्या दुचाकी गाड्यावर केलेल्या खोपटात राहायचा. आत रॉकेलचा स्टोव्ह, अंथरूण, पाण्याचं भांडं. पुढे मंदीच्या ऐन दिवसांत, 1936 साली, त्याने 'क्लिपर' नावाचं चकचकीत ट्रेलर 1,200 डॉलरला विकायला काढलं. त्या काळात ही रक्कम थोडकी नव्हे. ती गोलाई मूळची हॉली बोलस या विमानवाल्याची. चार्ल्स लिंडबर्गने ज्या विमानातून एकट्याने अटलांटिक पार केला, त्या 'स्पिरिट ऑफ सेंट लुइस'च्या बांधणीवर बोलसची देखरेख होती. त्याचं स्वतःचं ट्रेलर बाजारात फार टिकलं नाही, पण त्याचा आकार बायमने उचलला आणि पुढून असलेलं दार बाजूला आणलं. विमानाची कातडी रस्त्यावर आली ती अशी. बायम त्या कातडीला घेऊन जगभर फिरला. 1959 मध्ये 41 ट्रेलरांचा तांडा केप टाउनहून निघाला आणि चिखल, नद्या, वाळू तुडवत पुढच्या वर्षी कैरोला पोचला. त्या वाटेवर किती धूळ त्या पत्र्यांवर बसली असेल, हा विचार आता माझ्या मनात आल्यावाचून राहत नाही.

पत्र्याबद्दल मला जे कळलं त्याने मी थक्क झाले. विमानांसाठी लागणारं ॲल्युमिनिअम शुद्ध नसतं. शुद्ध ॲल्युमिनिअम मऊ, हाताने वाकेल असं. बळकटी यावी म्हणून त्यात चार-साडेचार टक्के तांबं घालतात. पण तांबं आलं की तो मिश्रधातू ओलाव्याला भिऊ लागतो, आतून खाल्ला जाऊ लागतो. यावरचा उपाय 1920 च्या दशकात निघाला: बळकट मिश्रधातूच्या दोन्ही अंगांना शुद्ध ॲल्युमिनिअमचा पातळ थर लाटतानाच चिकटवायचा. वरचा थर खालच्याच्या वाटणीचा मार स्वतः खातो. या जोडपत्र्याला 'अल्क्लॅड' म्हणतात. एअरस्ट्रीमचा पत्रा साधारण 0.8 मिलीमीटर जाड, आणि त्यात बाहेरचा शुद्ध थर जेमतेम विसावा हिस्सा. म्हणजे 0.04 मिलीमीटर. सगळी झळाळी एवढ्यातच मावलेली.

हे ऐकलं आणि मला कल्हई आठवली. सांगलीला आमच्या वाड्याच्या दारात कल्हईवाला भाता मांडायचा. पितळेचं पातेलं निखाऱ्यांवर लालसर तापवायचा, त्यात नवसागराची चिमूट टाकायचा, पांढरा धूर भपकन वर यायचा. मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने ते वितळलेलं कथील आतून एका झपाट्यात फिरवायचा. काळवंडलेल्या पितळेतून चांदी वर यायची. अल्क्लॅड हे विमानाला केलेली कल्हईच. फरक एवढाच, की पातेल्याची कल्हई गेली तर पुढल्या उन्हाळ्यात तो माणूस परत येत असे. या पत्र्याची गेली की गेली.

म्हणून पॉलिश करताना दरवेळी या 0.04 मधलं काहीतरी आपण खर्च करत असतो. हे मनात ठेवूनच हात चालवावा लागतो.

काम सुरू होतं ते मात्र पॉलिशने नाही. साठच्या दशकाच्या मध्यापासून कारखान्यात या पत्र्यांवर पारदर्शक लेप देऊ लागले होते. तो उन्हाने पिवळा पडतो, पोपडे धरतो. त्यावर रंग उतरवायचं जेलीसारखं औषध जाडसर लावायचं, थोडा वेळ थांबायचं, की लेप सुरकुततो आणि पाण्याच्या धारेखाली तुकड्या-तुकड्याने निघून येतो. हातमोजे, चष्मा, तोंडावर फडकं. हे घाण काम आहे आणि त्याबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

खरी मजा पुढे. लोकरीची जाड गादी लावलेलं मशीन, आणि डब्यातलं राखाडी पॉलिश. ते वाटाण्याएवढं घ्यायचं, दोन फूट लांब-रुंद तुकड्यावर बोटाने ठिपके द्यायचे आणि मग मशीन चालू करायचं. पहिल्या दोन-चार फेऱ्यांत ठिपके पसरतात आणि सगळं काळं होतं, कोळसा फासावा तसं. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं, बिघडलं. शेजारी हसून म्हणाले, "तेच तर निघतंय." तो काळा लगदा म्हणजे पॉलिशमध्ये मिसळलेली ॲल्युमिनिअमची आणि ऑक्साइडची बारीक भुकटी. सुरुवातीला मशीन थोडं दाबून धरायचं, पत्रा हाताला कोमट लागेपर्यंत. मग दाब कमी करत न्यायचा. गादी त्या काळ्या थराला परत उचलायला लागते, मशीनचा आवाज जरा मोकळा होतो आणि काळ्याखालून एकदम निळं येतं. ते आकाश असतं. समोरच्या मेपलच्या फांद्या येतात, कुंपण येतं, मग आपलं तोंड येतं, गोलाईवर ओढून लांबवलेलं.

उन्हात हे करायचं नाही. पत्रा तापला की पॉलिश वाळून चिकटतं. सावली सरकेल तसतसे आम्हीही घराभोवती सरकत असू, सकाळी पश्चिमेची भिंत, दुपारनंतर पूर्वेची. टोकांच्या गोलाईत निमुळत्या पट्ट्या एकीला एक जोडलेल्या असतात आणि तिथे मशीन कधी सपाट टेकत नाही. तिथला प्रत्येक हातभर तुकडा वेगळा कौल मागतो. आणि रिवेट! अशा घरावर ते हजारोंनी असतात. प्रत्येकाच्या डोक्याभोवती काळ्याची एक बारीक कडी राहून जाते. ती काढायला मशीनचा उपयोग नाही. जुना सुती कपडा बोटाला गुंडाळायचा, टर्पेंटाइनसारख्या द्रावात जरासा भिजवायचा आणि एकेका रिवेटभोवती फिरवायचा. हे काम मी मागून घेतलं. एकाच मापाचे वाटणारे ते रिवेट इतक्या जवळून पाहिले की निराळे दिसू लागतात. काही जरा तिरके, काहींचं डोकं एका अंगाला चेपलेलं. एक जण आत ठोकळा धरून बसे, दुसरा बाहेरून हातोडीचं मशीन चालवी, तेव्हा कुठे एक रिवेट बसे. ती दोन माणसं एकमेकांना दिसत नसत. पत्रा मध्ये असे.

मशीनच्या गोल फिरण्याने पत्र्यावर भोवऱ्यांसारख्या बारीक रेषा उठतात. ढगाळ दिवशी त्या दिसत नाहीत, ऊन पडलं की लख्ख दिसतात. त्या घालवायला दोन डोक्यांचं दुसरं मशीन, त्यावर मऊ सुती कापड आणि सगळ्यांत बारीक पॉलिश. यात पत्रा जवळजवळ झिजत नाही. फक्त शांतपणे एका बाजूने दुसऱ्या बाजूला जात राहायचं.

चकाकी आली की एक गोष्ट घडते, जी मला अपेक्षित नव्हती. राखाडीत लपलेले सगळे पोचे वर येतात. गारांनी पडलेले बारीक खळगे, शिडी टेकल्याची खूण, दाराचा कोपरा वर्षानुवर्षं एकाच जागी आपटून झालेला खोलगा. मेपलची सरळ फांदी त्या जागी येऊन मोडते. काही मालक यानेच हिरमुसतात. मला ते आवडलं. पन्नासहून जास्त वर्षं रस्त्यावर आणि अंगणात काढलेल्या वस्तूचं अंग सपाट असेल तर ते खोटं वाटलं असतं.

इथे एक प्रामाणिक आक्षेप आहे आणि तो मी टाळणार नाही. कारखान्यातून ही घरं अशी आरशासारखी कधी बाहेर पडलीच नाहीत. गिरणीत लाटलेल्या पत्र्याची चमक असते, पण ती दुधाळ असते, तिच्यात लाटण्याच्या दिशेच्या बारीक रेषा असतात, आणि शेजारचे दोन पत्रे उजेडात वेगळे दिसतात. आपण जे करतो ते जुनं परत आणणं नव्हे. ज्यांना मूळ रूप हवं त्यांनी लेप काढून, धुऊन थांबावं, असं म्हणणाऱ्यांचं मला पटतं. तरी मी घासायला उभी राहिले. कारण नुसतं जपून ठेवलेल्या पत्र्याशी आपली ओळख होत नाही. ती हाताखालून गेल्यावर होते.

डेटनला हवाई दलाचं मोठं संग्रहालय आहे. हे काम चालू असताना मी मुद्दाम तिथे गेले, उघड्या ॲल्युमिनिअमची विमानं बघायला. दुसऱ्या महायुद्धातली ती विमानं दिव्यांखाली चांदीसारखी उभी असतात. त्यांतच 'बॉक्सकार' आहे. 9 ऑगस्ट 1945 ला नागासाकीवर अणुबॉम्ब टाकणारं बी-29. त्याचं पोटही चकचकीत आहे. तेच रिवेट, तशाच ओळी. मी जवळ जाऊन बघायला लागले, आणि बोटाला कपडा गुंडाळायची सवय लागलेला माझा हात आपोआप वर गेला. तो मी खाली घेतला. त्या दिवशी घरी आल्यावर मी कॅराव्हेलकडे गेले नाही. याच कातडीने माणसं सहलीला नेली आणि याच कातडीने ते शहर जाळायला बॉम्ब नेला. पत्र्याला यातलं काही ठाऊक नाही, पण मला आहे. ते विसरून घासणं मला जमत नाही, आणि जमू नये असंच वाटतं.

त्याच कातडीची आणखी एक कामगिरी आहे, तिने मन थोडं सावरतं. जॅक्सन सेंटरपासून जवळच वापाकोनेटा नावाचं गाव आहे, नील आर्मस्ट्राँगचं जन्मगाव. 24 जुलै 1969 ला तो चंद्रावरून परतला तेव्हा तिथले जंतू पृथ्वीवर येऊ नयेत म्हणून त्याला आणि त्याच्या दोन्ही सोबत्यांना ज्या बंद घरात ठेवलं, ते एअरस्ट्रीमच्या ट्रेलरचंच बदललेलं रूप होतं. 'हॉर्नेट' जहाजावर त्याच्या मागच्या खिडकीतून तिघे दाटीवाटीने बाहेर बघताहेत आणि अध्यक्ष निक्सन बाहेरून बोलताहेत, हे छायाचित्र अनेकांनी पाहिलं असेल. मी आता ते बघते तेव्हा माझी नजर खिडकीच्या कडेच्या रिवेटांवर जाते.

आमच्या कॅराव्हेलच्या मागच्या अंगाला, खालच्या पत्र्यावर, चाकाजवळ, एक दुखणं होतं. लेपाखाली, पत्र्याच्या कापलेल्या कडेपासून सुरू होऊन, पांढऱ्या दोऱ्यांसारख्या नागमोडी रेषा आत शिरल्या होत्या. मीठ आणि ओलावा लेपाच्या फटीतून शिरला की हा रोग धरतो आणि पुढे पुढे सरकत राहतो. लेप गेला, पॉलिश झालं, तरी त्या रेषा गेल्या नाहीत. फक्त पांढऱ्याच्या काळपट झाल्या. शेजारी म्हणाले, आणखी घासू. मी म्हटलं, नको. तिथे कल्हई आधीच खाल्ली गेलेली, वरून आणखी काढली तर खालचं तांबेवालं ॲल्युमिनिअम उघडं पडेल आणि मग तो पत्रा दर पावसाळ्यात खालावत जाईल. दुसरा मार्ग रिवेट पोखरून काढून अख्खा पत्राच बदलायचा. त्यांना ते अवघड नव्हतं, लेथवर आयुष्य गेलेला माणूस तो. संध्याकाळभर आमची यावर बोलणी झाली. नवा पत्रा बाकीच्यांत उठून दिसेल, असं माझं म्हणणं. हा जुना पत्रा उठून दिसतोच आहे, असं त्यांचं. शेवटी लेप पुन्हा द्यायचा नाही, अंग उघडंच ठेवायचं, दर दोन-तीन वर्षांनी फक्त बारीक पॉलिशचा हात द्यायचा, आणि तो मागचा पत्रा आहे तसा राहू द्यायचा, असं ठरलं. मग त्यांनी हातमोजे काढून बादलीच्या कडेला टाकले आणि आम्ही चाकांतली हवा बघायला घेतली, कारण शनिवारी त्यांना लेक इरीला जायचं होतं.