रस्त्यात मिटवायचं नसतं

मागून धडक बसली की पहिल्या पाच मिनिटांत जमलेला प्रत्येक माणूस एकच सल्ला देतो: मिटवून टाका. मलाही तोच मिळाला. कात्रजचा नवा बोगदा ओलांडून नवले पुलाकडे उतरत होते. पुढची रांग थांबली, मी थांबले, आणि मागचा मालवाहू टेम्पो थांबला नाही. हा उतार पुण्यात बदनामच आहे. 2022 च्या नोव्हेंबरमध्ये इथेच एका अवजड गाडीने एकामागून एक कितीतरी गाड्यांना धडक दिली होती. उतार लांबलचक, त्यात डिझेल वाचवायला अवजड गाड्या न्यूट्रलवर सोडायची सवय. त्यामुळे दणका बसला तेव्हा गाडीचं काय झालं हे मनातही आलं नाही, मी वळून आईकडे पाहिलं. ती मागच्या सीटवर होती, पट्टा लावलेला होता. "काही नाही झालं गं," म्हणाली आणि मानेवर हात ठेवून बसून राहिली.

टेम्पोचा ड्रायव्हर विशीतला पोरगा. "ताई, ब्रेक उशिरा लागला. शेठला फोन नका लावू," म्हणत त्याने दोन हजार काढून पुढे धरले. बाजूचे दोघे-तिघे त्याच्याच बाजूने बोलायला लागले. बंपरच तर चिरलाय, एक टेललॅम्प फुटलाय, एवढ्यात होतं डेंटिंग-पेंटिंग. वरवर पाहता खरंही वाटत होतं. पण डिकी लागेना. दाबली की परत उघडायची, आणि डावीकडे झाकण आणि बॉडी यांच्यात बोट जाईल एवढी फट. पैसे मी घेतले नाहीत. गाड्या हलवायच्या आधी दोन्ही एकत्र येतील असे फोटो काढले, टेम्पोची नंबर प्लेट, आरसी, विम्याचा कागद, पोराचं लायसन्स, सगळ्याचे. माझ्या विमा कंपनीला फोन करून क्लेम नंबर घेतला. मग पोलीस चौकीत जाऊन नोंद केली. आपल्याच पॉलिसीतून गाडीचं नुकसान घ्यायचं असेल आणि कुणाला लागलं नसेल, तर कंपन्या बहुधा एफआयआर मागत नाहीत. तरी घटना कागदावर असलेली बरी.

आईची मान दुसऱ्या दिवशी सकाळी खरी धरली. एक्स-रे साफ निघाला, स्नायू दुखावलेत म्हणाले डॉक्टर. मागून धक्का बसला की डोकं मागे-पुढे फेकलं जातं आणि हे दुखणं पुष्कळदा काही तासांनी, रात्र उलटल्यावर वर येतं. रस्त्यावर उभ्या उभ्या "कुणाला लागलं नाही ना?" असं विचारून हिशेब मिटवणाऱ्यांना हे कळायलाच हवं.

गॅरेजमध्ये मिस्त्रींनी बंपर उतरवला, डिकीतली चटई उचलली, स्टेपनी बाहेर काढली आणि बॅटरी मारून म्हणाले, "इकडे या मॅडम, हे बघा." स्टेपनीच्या खड्ड्याच्या कडेला पत्र्याला आडवी घडी पडली होती. घडीवरचा रंग बारीक तडकलेला, आणि दोन पत्रे जिथे जुळतात तिथलं सीलंट फाटून उघडं पडलेलं. बोट फिरवलं तर नखात माती आली. त्या फटीतून पावसाळाभर पाणी आत आलं असतं, चटईखाली साचलं असतं, आणि गंज दिसेपर्यंत ही धडक कुणाच्या लक्षातही राहिली नसती. बंपर प्लास्टिकचा. तो दबतो आणि बऱ्याच अंशी पुन्हा जागेवर येतो. त्याच्यामागचा पत्रा येत नाही. दोन हजारांचा सौदा व्हायचा तो बाहेरच्या चिरेवर.

सर्व्हेअर आले तेव्हा खरी घासाघीस सुरू झाली. मागचं पॅनल बदलायचं की ठोकून सरळ करायचं? गॅरेजवाल्यांना बदलायचं होतं, सर्व्हेअर रिपेअरवर अडून होते, आणि मला वाटत होतं की कंपनी पैसे वाचवतेय. मिस्त्रींनीच मला बाजूला घेऊन समजावलं. पॅनल बदलायचं म्हणजे कारखान्यातले स्पॉट वेल्ड फोडून जुना पत्रा कापायचा आणि नवा जोडायचा. पत्रा फाटलेला नसेल, नुसता दबलेला असेल, तर बॉडी ओढून तो मापात आणणं चांगलं, मूळ जोड तसेच राहतात. म्हणून पॅनल सरळ केलं, सीलंट नवं भरलं, आणि डिकीचं झाकण, बंपर, लॅम्प नवे घेतले. मालकाने गॅरेजमध्ये उभं राहून हे ऐकायलाच हवं असं माझं मत आहे. इस्टिमेटच्या कागदावर नुसतं 'रिपेअर' आणि 'रिप्लेस' लिहिलेलं असतं, त्यामागचं कारण कुठेच नसतं.

आता पैशांचं. बिल झालं 48,000. त्यातले 14,000 च्या आसपास माझ्या खिशातून गेले. माझ्या पॉलिसीत झिरो डेप नव्हतं, म्हणजे नव्या पार्टच्या किमतीतून घसारा कापला जाणार. प्लास्टिकच्या पार्टवर तो सरसकट 50 टक्के, गाडी नवी असो की जुनी. पत्र्याच्या पार्टवर गाडीच्या वयाप्रमाणे. माझी चार वर्षं पूर्ण होऊन पाचव्यात होती, म्हणून 35 टक्के. रंगाच्या मटेरियलवर निम्मा. शिवाय 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेममागे 1,000 रुपये मालकाचे ठरलेलेच. मजुरीला घसारा नाही. हे सगळं पॉलिसीत लिहिलेलं असतं, नियमात बसतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती नो क्लेम बोनसबद्दल. क्लेम न करता वर्ष गेलं की नूतनीकरणाला स्वतःच्या गाडीच्या विम्याच्या हप्त्यात सूट मिळते. पहिल्या वर्षी 20 टक्के, मग 25, 35, 45 आणि पाचव्या वर्षी 50. माझा 45 वर आला होता, पुढच्या वेळी 50 झाला असता. तो शून्य झाला. आता पुन्हा 50 वर जायला क्लेमविना पाच वर्षं. मी थांबलेल्या रांगेत थांबले होते. चूक कुणाची याबद्दल ड्रायव्हरला, पोलिसांना, सर्व्हेअरना, कुणालाच शंका नव्हती. तरी दंड मला.

आणि टेम्पोचा विमा? तो तर होता. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 146 प्रमाणे थर्ड पार्टी विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणताच येत नाही, आणि चारचाकीच्या अशा पॉलिसीत दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला साधारण साडेसात लाखांपर्यंत संरक्षण असतं. पण ते मिळवायचं तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात सहा महिन्यांच्या आत अर्ज, वकील, तारखा. 14,000 साठी हे कोण करणार? कुणी करत नाही, म्हणूनच रस्त्यावर दोन हजार पुढे येतात आणि म्हणूनच ते घेतले जातात.

काही दिवसांनी त्या पोराचा फोन आला. त्याच्या टेम्पोचा पुढचा भागही चेपला होता आणि शेठने खर्च पगारातून कापायला घेतला होता. "ताई, तुमचे पण द्यावे लागतील का?" नाही म्हटलं. त्याच्या शेठने वर्षाला हप्ता भरला, मी भरला, दोन्ही पॉलिस्या चालू, आणि शेवटी पैसे गेले ते माझ्या खिशातून आणि त्या पोराच्या पगारातून.

कंपनीने मला दिलेली रक्कम टेम्पोवाल्याकडून, पर्यायाने त्याच्या विमा कंपनीकडून वसूल करायचा हक्क कायद्याने कंपनीला आहे. ज्या क्लेममध्ये चूक निर्विवाद समोरच्याची आहे, तिथे कंपन्यांनी आपसात हिशेब करावा आणि गाडीमालकाचा बोनस शाबूत ठेवावा, एवढीच माझी मागणी आहे. तसं मी कंपनीला लिहिलं. सोबत फोटो, चौकीतली नोंद आणि टेम्पोचा पॉलिसी नंबर जोडून विचारलं की तुम्ही वसुलीचा प्रयत्न केलात का. उत्तर आलं की तुमचा क्लेम निकाली निघाला असून फाइल बंद केली आहे. विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे आता लेखी तक्रार दिली आहे. तिथेही असंच झालं, तर पुढे विमा लोकपालाकडे जाणार आहे. तिथे वकील लागत नाही, फीही नाही.