परवान्याची वाट पाहताना

दशलक्षण पर्वाच्या पाचव्या दिवशी न्यू जर्सीतील एका घराच्या दाराशी पाच रिकामे डबे परत आले. त्यांपैकी एकाच्या झाकणाखाली वीस-वीस डॉलरच्या तीन नोटा घडी करून ठेवल्या होत्या. सोबत चिठ्ठी होती : "साहित्याचे म्हणून घ्या. नाही म्हणू नका." त्या घरच्या गृहिणीने नोटा ओट्यावर ठेवल्या आणि डबे घासायचे सोडून ती बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिली.

ती मूळची सांगलीकडची. आठ वर्षे एका सनदी लेखापालाच्या कार्यालयात तिने इतरांचे हिशेब तपासले होते. पतीला एच-१बी व्हिसावर अमेरिकेत नोकरी मिळाली आणि ती एच-४ व्हिसावर त्याच्यामागून गेली. या व्हिसावर तिची ओळख 'अवलंबित' अशी होती. शिक्षण घेण्यास मुभा, संसार करण्यास मुभा. अर्थार्जनास मात्र नाही. २६ मे २०१५ पासून लागू झालेल्या नियमाने एच-४ वरील काही जोडीदारांना स्वतंत्र कार्यपरवाना मागता येतो. एच-१बीधारकाचा आय-१४० हा स्थलांतराचा अर्ज मंजूर झालेला असणे, ही त्यातील एक अट. पतीचा तो अर्ज मंजूर होताच तिने आय-७६५ हा अर्ज पाठविला. काही दिवसांनी पावती आली. स्नेह्यांपैकी एकाने अभिनंदनही केले, "पावती आली म्हणजे काम झालेच की!" परंतु पावती म्हणजे अर्ज पोहोचल्याची केवळ पोच. परवाना मंजूर होऊन त्यावरील मुदत सुरू होत नाही तोवर अर्जदाराची स्थिती अर्ज न करणाऱ्यासारखीच असते.

डब्यांची सुरुवात पैशांसाठी मुळीच झाली नव्हती. शेजारच्या गल्लीतील एका वृद्ध श्राविकेचे गुडघ्याचे ऑपरेशन झाले. घरात मुलगा-सून दिवसभर कामावर. कंदमूळ वर्ज्य, सूर्यास्तानंतर अन्न नाही आणि हिवाळ्यात तिकडे साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. तिने रोज दुपारी वरण-भात, ज्वारीची भाकरी आणि एक भाजी नेऊन देण्यास आरंभ केला. त्या बाई बऱ्या झाल्या. पण डब्याची कीर्ती मंदिरात पोहोचली होती. एका तरुण जोडप्याने विचारले, मग दुसऱ्याने. पर्युषणात पाच घरे झाली. वस्तुतः ही गरज खरी होती. परदेशात व्रतस्थ माणसाला सूर्यास्तापूर्वी शुद्ध अन्न मिळणे किती कठीण, हे तिथे राहिलेल्यांनाच कळेल.

तिने त्या रात्री नियम वाचून काढले. लेखापालाच्या कार्यालयात लागलेली सवय, दुसरे काय! अमेरिकेत १९८६ च्या कायद्याने कामावर घेतलेल्या प्रत्येकाचा परवाना तपासण्याची जबाबदारी मालकावर आली. त्या तपासणीच्या नियमांत मोबदला म्हणजे केवळ पगार नव्हे. श्रमाच्या बदल्यात मिळणारी कोणतीही मोलाची वस्तू, अगदी जेवण आणि निवारासुद्धा, त्यात येते. एका ओळखीच्या दुकानदार काकांनी तिला मागेच सुचविले होते, "रोज दोन तास आमचे हिशेब बघ, पैसे नको असतील तर महिन्याचा किराणा घेऊन जा." त्या वेळी तिला हा मार्ग निर्दोष वाटला होता. आता कळले की किराणा हाही पगारच.

मालक नसला तरी सुटका नव्हती. आइस्क्रीमच्या गाड्या विकत घेऊन त्या इतरांना चालवावयास देणाऱ्या एका परदेशी विद्यार्थ्याचे प्रकरण १९८३ साली तेथील अपील न्यायालयापुढे आले होते. कोणाची नोकरी केली नाही, हा बचाव तिथे टिकला नाही. बँकेतील ठेवीचे व्याज, शेअरवरील लाभांश, सांगलीतल्या घराचे भाडे यांना हरकत नाही. कारण तिथे पैसा काम करतो, माणूस नव्हे. भारतातील जुन्या कार्यालयाचे काम संगणकावरून करून पगार इथल्या बँकेत जमा करावा, असेही अनेकजणी सुचवितात. वकील बहुधा त्यालाही नकोच म्हणतात. हात कोणत्या भूमीवर चालतात ते पाहिले जाते, पैसे कोणत्या बँकेत पडतात ते नव्हे.

आणि सेवा? मंदिराच्या पाठशाळेत ती दर रविवारी मुलांना शिकवीत असे. तिथे कोणत्याच शिक्षकाला मानधन नाही, कधी नव्हते. म्हणून ती खरी स्वयंसेवा. परंतु एरवी पगारी असलेली जागा 'तूर्त विनावेतन' म्हणून भरली, पुढे नोकरी देण्याचा शब्द मनात ठेवला, तर नुसत्या नावाने ती सेवा होत नाही. १९८५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एका धार्मिक संस्थेच्या व्यापारी उद्योगांत राबणाऱ्यांना, ते स्वतःला स्वयंसेवक म्हणवीत असतानाही, कर्मचारीच ठरविले. त्यांना अन्न, वस्त्र, निवारा मिळत होता. तो खटला वेतनाच्या कायद्याचा, स्थलांतराचा नव्हे. तरी धार्मिक संस्थांच्या विश्वस्तांनी तो ध्यानी ठेवावा असा आहे.

दुसऱ्या दिवशी सांगलीहून सासूबाईंचा फोन आला. सारे ऐकून त्या म्हणाल्या, "अगं, व्रतातल्या माणसांना जेवायला घालणं ही काय चोरी आहे होय?"

"जेवायला घालणं नव्हे आई. विकणं."

"तू कुठं विकतेस? त्यांनी आपणहून दिले."

"पहिल्यांदा आपणहून दिले. पुढच्या वेळी मी वाट बघेन."

पलीकडे थोडा वेळ शांतता पसरली. सासूबाई जुन्या पाठशाळेत शिकलेल्या. चोरीचा शब्द त्यांनीच उच्चारला होता, आणि अचौर्याणुव्रताचे पाच अतिचार त्यांना मुखोद्गत होते. त्यांतील विरुद्धराज्यातिक्रम, म्हणजे राज्याने घातलेली मर्यादा ओलांडून व्यवहार करणे, हा शब्द अखेर त्यांनीच काढला. तो दुष्काळातील धान्य आणि चुकविलेली जकात यांच्यासंबंधी त्या लहानपणापासून ऐकत आल्या होत्या. भाकरी-भाजीच्या डब्याशी त्याचा संबंध लागेल असे त्यांना वाटले नव्हते.

पतीचा विचार अधिक व्यावहारिक होता. नोकरीच्या आधारे कायम वास्तव्य मागणाऱ्या कुटुंबांना कायद्याने सवलत दिली आहे. शेवटच्या कायदेशीर प्रवेशानंतरचे अनधिकृत काम आणि स्थितिभंग मिळून १८० दिवसांपेक्षा अधिक नसेल, तर तेवढ्यासाठी त्यांचा अर्ज अडत नाही. साठ डॉलरने काय होणार आहे? मात्र हे दिवस तासांनी मोजले जात नाहीत. काम सुरू झाल्यापासून थांबेपर्यंत मधल्या सुट्ट्याही धरल्या जातात. शिवाय ही सवलत पुढच्या अर्जापुरती. आजचा एच-४ दर्जा भंगला तर तो तिने सांधत नाही. आणि त्या अर्जात एक सरळ प्रश्न असतो : अमेरिकेत आपण कधी परवानगीविना काम केले आहे काय? तिने पतीला एवढेच विचारले, "तिथे काय लिहायचे?" तो गप्प राहिला.

सर्वांत अवघड होते ते मात्र याहून निराळे. त्या साठ डॉलरांनी तिला क्षणभर अपार आनंद झाला होता. दोन वर्षांत प्रथमच कोणीतरी तिच्या श्रमाचे मोल केले होते. हा आनंद चुकीचा होता, असे तिला आजही वाटत नाही. कायदा न्याय्य आहे, असेही ती म्हणत नाही. आठ वर्षे हिशेब तपासलेली स्त्री ओट्यावर बसून पावतीचा क्रमांक दिवसातून तीनदा तपासते, यात कोणाचे हित आहे हे तिला उमगलेले नाही.

नोटा तिने परत केल्या. चार घरांचे डबे पर्वाच्या अखेरीस बंद केले आणि त्यांना आठवड्यातून एकदा आपल्या स्वयंपाकघरात येऊन शिकण्याचे निमंत्रण दिले, दोघीजणी येतात. वृद्ध श्राविकेचा डबा मात्र चालू आहे. रिकामा डबा परत पाठवू नये, ही त्यांच्या माहेरची रीत, म्हणून त्यात कधी दोन लिंबे येतात, कधी मूठभर साखर. पहिल्यांदा लिंबे आली तेव्हा ती मोबदल्यात मोडतात काय, असा प्रश्न तिला पडला होता. पतीने त्यांचे सरबत करून टाकले.