एन, एत आणि त्यांचं गप्प राहणं

‘हार दू बील?’ स्वीडनमध्ये हा प्रश्न रोज कुणीतरी कुणाला तरी विचारत असतं. क्रियापद सगळ्यात आधी, मग ‘तू’, मग गाडी. एन हा स्वीडिशमध्ये नामाआधी येणारा ‘एक’ अशा अर्थाचा छोटा शब्द. या प्रश्नात तो नाही, आणि त्याची ओळख करून घ्यायची तर इथूनच करावी, कारण त्याचं न येणं हीच त्याची सर्वांत मोठी खुबी आहे. विचारणाऱ्याला गाडीचा रंग नको, कंपनी नको. तुझं जाणं-येणं गाडीने होतं की बसने, एवढंच कळायला हवं. ‘हार दू एन बील?’ असं विचारलं तर व्याकरण मोडत नाही, पण ऐकणाऱ्याचं लक्ष एका सुट्या, मोजता येणाऱ्या गाडीकडे वळतं. आणि गाडीला ‘लाल’ हे विशेषण लागलं रे लागलं की एन तत्काळ हजर होतो: ‘हार दू एन रोद बील?’ आता प्रश्न एका विशिष्ट प्रकारच्या वस्तूचा झाला, तिथे त्याच्याशिवाय चालत नाही.

एन एकटा नाही. एत हा त्याचा भाऊ. स्वीडिश नामांपैकी साधारण तीन चतुर्थांश एनच्या पदरात पडली आहेत, उरलेली एतच्या. गाडी एनची, घर एतचं. कोणतं नाम कुणाचं, याला भरवशाचा नियम नाही. ते नामासोबतच पाठ करावं लागतं. स्वीडिश अकादमीचा शब्दकोश 1874 साली प्रथम निघाला. आजही त्यात नामापुढे त्याचं शेपूट छापलेलं असतं, म्हणजे ते नाम कोणत्या घरचं हे लगेच कळतं.

शेपूट म्हणायचं कारण असं. नाम अनोळखी असेल तर एन पुढे उभा राहतो, ओळखीचं झालं की मागे जाऊन चिकटतो. ‘एन बील’ म्हणजे कुठलीशी गाडी, ‘बीलेन’ म्हणजे ती आपल्याला ठाऊक असलेली गाडी. पण हा पुढचा एन आणि मागचा एन एकच माणूस नव्हे. पुढचा ‘एक’ या संख्येतून आला, मागचा जुन्या नॉर्स भाषेतल्या ‘हिन्न’ या दर्शकातून, ‘तो, तिकडचा’ अशा अर्थाच्या शब्दातून. शतकानुशतकं वापरात घासून दोघांचे चेहरे सारखे झाले. व्याकरणातल्या इतक्या देखण्या योगायोगाला दाद द्यावीशी वाटते.

अनोळखी गावात औषधाचं दुकान शोधताना हे दोघे लागोपाठ भेटतात. आधी विचारायचं, ‘फिन्स दे एत आपुतेक हॅर?’ इथे औषधाचं दुकान आहे का? कुणी हो म्हटलं की पुढचा प्रश्न, ‘वार लिग्गेर आपुतेकेत?’ कुठे आहे ते? पहिल्या प्रश्नात दुकान असेल-नसेल अशा अवस्थेत आहे, म्हणून एत पुढे. दुसऱ्यात ते आपल्या दोघांच्या बोलण्यात आलं, म्हणून एत मागे. एक ‘हो’ मिळाला आणि एतने जागा बदलली. विचारणारा आणि सांगणारा यांच्यात आता काय सामाईक आहे, याची अशी अचूक नोंद ठेवणारी ही भावंडं मला फार आवडतात.

माणसाच्या व्यवसायाची चौकशी असेल तर एन अदबीने बाजूला होतो. ‘ॲर हान क्लाउन?’ म्हणजे सर्कशीत विदूषकाचं काम करतो का तो? ‘ॲर हान एन क्लाउन?’ असं विचारलं, तर प्रश्न त्याच्या पोटापाण्याचा न राहता स्वभावाचा होतो. शिक्षकाचंही तसंच: ‘ॲर दू लॅरारे?’ मध्ये एन नाही, पण ‘चांगला शिक्षक’ म्हटलं की तो आलाच. स्वीडिश माणसं धंदा आणि परीक्षण यांच्यामध्ये ही रेघ सतत ओढत असतात.

पुण्याहून नोकरीसाठी गोथेनबर्गला गेलेल्या मराठी माणसाला खरं तर हे सोपं जायला हवं. आपण ‘तुमच्याकडे गाडी आहे का?’ असंच विचारतो. ‘एक गाडी आहे का?’ म्हणत नाही. डॉक्टर ‘डोकं दुखतंय का?’ विचारतात, ‘तुमचं’ जोडायची गरज पडत नाही. स्वीडिश डॉक्टरही ‘हार दू ऊन्त ई हुवूदेत?’ म्हणतो. त्यात ‘तुझ्या’ नाही, डोक्याला नुसतं एतचं शेपूट आहे. पण आपण परदेशी भाषेकडे इंग्रजीच्या वाटेने जातो, आणि त्या वाटेवर नामागणिक एक छोटा शब्द हातात घ्यायची सवय लागते. माझं स्पष्ट मत आहे, स्वीडिश प्रश्न रचताना मराठी माणसाने आधी मराठीत विचारून पाहावं आणि इंग्रजीला दारातच थांबवावं.

मागे चिकटण्याच्या बाबतीत मात्र मराठी मदतीला येत नाही. ‘देन रोदा बीलेन’, ती लाल गाडी, यात पुढे ‘देन’ आहे आणि शेपूटही आहे. एका गाडीला दोन खुणा. शेजारचे डॅनिश अशा वेळी शेपूट कापून टाकतात. नॉर्वेजियन बहुधा ठेवतात. उत्तर स्वीडनच्या बोलींमध्ये तर शेपटाचा विस्तार आणखी मोठा. दूध, पाणी यांसारख्या न मोजता येणाऱ्या गोष्टींनाही, त्या ओळखीच्या नसताना, ते तिथे लागतं. स्टॉकहोम विद्यापीठाचे भाषाशास्त्रज्ञ ओस्तेन दाल यांनी याचा सविस्तर अभ्यास केला आहे.

‘कोणता’ या अर्थाचे ‘विल्केन’ आणि ‘विल्केत’ आले की मात्र शेपूट गळतं. ‘विल्केन बील?’ ‘विल्केत हूस?’ म्हणजे कोणती गाडी, कोणतं घर. जी वस्तू अजून निवडलीच नाही, तिला ओळखीची खूण कशी लावायची? पण भावंडं पूर्ण हटत नाहीत. एकाचा ‘न’ आणि दुसऱ्याचा ‘त’ प्रश्नाच्याच शब्दाला येऊन बसलेले दिसतात.

आणि वेळ विचारताना शेपूट हवंच: ‘वा ॲर क्लोक्कान?’ शब्दशः, घड्याळ काय आहे? स्वीडिशमध्ये एके काळी मराठीसारखीच तीन लिंगं होती. पुल्लिंग आणि स्त्रीलिंग एकमेकांत मिसळली आणि दोन्ही एनच्या वाट्याला आली. तरी घड्याळाचं स्त्रीत्व काहींच्या तोंडी टिकलं आहे. तीन वाजले असतील तर उत्तर येतं, ‘हून ॲर त्रे’: ती तीन आहे.