फाईलमधलं जुनं नाव

गोष्ट दुकानाची आहे, पण सुरुवात विजेपासून करावी लागेल. आषाढातली रात्र होती. शनवाऱ्याच्या बाजूला कुठंतरी मोठ्यानं कडाडलं आणि सगळ्या मोहल्ल्याचे दिवे गेले. सकाळी दुकान उघडून कॉम्प्युटर लावला तर तो सुरू झाला, पण नेट नाही. मोडेमचे दिवे लागलेले, वायर जागच्या जागी, तरी काही केल्या नेट येईना.

आमचं सुताचं दुकान. बऱ्हाणपूर यंत्रमागांचं गाव, त्यामुळं गिऱ्हाईक म्हणजे मागवाले. कुणी रोख नेतं, कुणी कापड विकलं गेल्यावर पैसे देतं. ती सगळी उधारी, अकरा वर्षांची, त्या एका कॉम्प्युटरात. आमच्या ह्यांनी स्वतः टाइप केलेली. हे जाऊन तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते.

दुकान पुढं कुणी बघायचं ते ठरलेलं नव्हतं. म्हणजे त्यावर कुणी तोंड उघडलेलं नव्हतं. धाकटे भाऊजी रोज संध्याकाळी येऊन बसत, गल्ला मोजत. "वहिनी, तुम्ही कशाला दगदग करता? मंदिरात जा, स्वाध्यायाला बसा, जीव रमवा." त्यांच्या बोलण्यात वाकडं काही नव्हतं. पण ऐकलं की माझ्या पोटात गोळा यायचा.

भाऊजींनी एका दुरुस्तीवाल्याला आणलं. त्यानं बघून सांगितलं, विजेनं आतला नेटचा भाग जळलाय, बाकी मशीन वाचलं हेच नशीब. त्यानं साडेचारशे रुपयांचं नवं नेटवर्क कार्ड बसवलं. तरी नेट चालेना. मग स्क्रीनकडं बघून म्हणाला, "ह्यात विंडोज नाहीच. लिनक्स कोण चालवतं हो इथं? सगळं पुसून विंडोज टाकतो. तासाभराचं काम."

"पुसून म्हणजे?"

"म्हणजे पुसून."

हिशेब आधी काढून बाजूला ठेवता येतो, हे मला पुढं कळलं. त्या क्षणी एवढंच कळलं की ह्यांची अकरा वर्षं तासाभरात पुसली जाणार. मी म्हटलं, "आज राहू द्या."

ते लिनक्स काही ह्यांनी हौसेनं घेतलेलं नव्हतं. एकदा व्हायरसनं फाईली खाल्ल्या, तेव्हा पुण्याच्या भाच्यानं येऊन डेबियन बसवून दिलं. फुकट, आणि जुन्या मशीनवरही चालणारं. त्यानं त्याची कुळकथाही सांगितली होती. १९६९ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये युनिक्स तयार झालं. १९९१ मध्ये हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्यानं त्याच धर्तीवर लिनक्सचा गाभा लिहिला आणि सगळ्यांसाठी खुला केला. १९९३ मध्ये इयन मर्डॉकनं डेबियन सुरू केलं, आणि नाव ठेवताना स्वतःच्या नावाआधी मैत्रीण डेब्राचं नाव जोडलं. तेवढं मात्र माझ्या लक्षात राहिलं होतं. बाईचं नाव आधी!

दिवस मावळायच्या आत जेवण उरकलं, सामायिक झाली आणि आठच्या सुमाराला दुकानाचं शटर अर्धं उघडून भाच्याला फोन लावला.

"मामी, पहिलं काम. हिशेबाची कॉपी पेन ड्राइव्हवर घे. त्याशिवाय कशाला हात लावायचा नाही."

ती घेतली. मग त्यानं मला समजावलं. कार्ड म्हणजे नुसती वस्तू. लिनक्स म्हणजे मशीनचा कारभारी. कार्डाची भाषा कारभाऱ्याला आपोआप कळत नाही, मध्ये दुभाष्या लागतो. त्यालाच ड्रायव्हर म्हणायचं. हे मला लगेच पटलं. आमच्या दुकानात हेच तर दुभाषे होते. घरात मराठी, बाजारात हिंदी, सुरतेच्या दलालाशी गुजराती आणि मागवाल्यांशी त्यांची उर्दूमिश्रित बोली. हे गेल्यावर मागवाले दुकानात येऊन नुसते उभे राहायचे आणि मी नुसती बघायची.

"आता मशीनला विचार, तुझ्या पोटात काय काय आहे?" त्यानं एलएसपीसीआय ही आज्ञा अक्षर-अक्षर सांगितली. पंधरा-वीस ओळी उमटल्या. माझं इंग्रजी बेताचं. पण स्वाध्यायात एक सूत्र चारदा वाचल्याशिवाय पुढं सरकायचं नाही, ही आपली सवय. तशीच एकेक ओळ वाचून दाखवली. एका ओळीत होतं : इथरनेट कंट्रोलर, रिअलटेक, ८१११ आणि ८१६८.

"म्हणजे कार्ड दिसतंय मशीनला. चांगलं आहे. आता ह्याचा दुभाष्या कोण ते विचार." पुन्हा तीच आज्ञा, पुढं एक आडवी रेघ आणि के. उत्तर आलं : आर८१६९.

कार्ड ८१६८, दुभाष्या ८१६९. एका आकड्याचा फरक. भाचा म्हणाला, चूक म्हणता येणार नाही. ८१६९ हा लिनक्सबरोबरच येतो आणि ह्या घराण्यातली बहुतेक कार्डं तोच सांभाळतो. काहींशी मात्र त्याचं जमत नाही. आपलं त्यातलंच आहे का ते बघू. त्यानं कार्ड उठवायची आज्ञा दिली, मग मशीनची रोजनिशी उघडायला लावली. तिला डीमेसेज म्हणतात. तिथं ओळीखाली ओळ : लिंक अप, लिंक डाउन, लिंक अप, लिंक डाउन. मागं वाकून बघितलं तर कार्डाचा हिरवा दिवा तसाच लागत होता, विझत होता.

मला आपला कुंडी भंडारा आठवला. खानखानाच्या काळातली ती जमिनीखालची वाट, एका कुंडीतून दुसऱ्या कुंडीत पाणी आपल्या उतारानं जाणारं. मधली एक कुंडी गाळानं भरली तर मागं पाणी आहे, पुढं गाव आहे, तरी घागर रिकामीच. आमचा कॉम्प्युटर नीट होता, मोडेमही नीट होता. गाळ मधल्या कुंडीत होता.

योग्य दुभाष्या म्हणजे आर८१६८. तो नेटवरून आणायचा, आणि नेटच नाही. त्यावर भाच्यानं युक्ती सांगितली : मोबाईल चार्जिंगच्या वायरनं कॉम्प्युटरला जोड, फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू कर. एक आज्ञा दिली आणि फोनचं नेट मशीनला मिळालं. मग डेबियनच्या एका यादीत नॉन-फ्री हा शब्द वाढवावा लागला, कारण हा ड्रायव्हर त्या कप्प्यात ठेवलेला असतो. ह्या सगळ्याला रूटचा पासवर्ड लागतो. तो ह्यांच्या वहीच्या शेवटच्या पानावर होता. ह्यांचं अक्षर. टाइप करताना स्क्रीनवर एक ठिपकासुद्धा उमटत नाही, म्हणून दोनदा चुकला.

ड्रायव्हर आला. तो तयार कपड्यासारखा येत नाही. मशीन आपल्या गाभ्याच्या मापानं तो तिथंच शिवून घेतं, म्हणून त्या मापाच्या हेडर फाईलीही सोबत आणाव्या लागतात. पाचेक मिनिटं अक्षरं धावत होती. मशीन बंद करून पुन्हा लावलं, पुन्हा विचारलं : दुभाष्या कोण? आर८१६८. हिरवा दिवा स्थिर.

आणि तरीही नेट नाही! स्क्रीनवर उत्तर : नेटवर्क इज अनरीचेबल. रात्रीचे साडेदहा वाजले होते. घरून लेकीचे दोन फोन येऊन गेले होते. मला रडू येणार होतं.

"मामी, आता शेवटची जागा. इंटरफेसेस नावाची फाईल उघड आणि वाच."

मी वाचलं. "ऑटो ईएनपी२एस०. त्याखाली पुन्हा ईएनपी२एस०, मग पत्ता १९२.१६८.१.१०..."

"थांब. हेच ते. मामी, ते जुन्या कार्डाचं नाव आहे. कार्डाला नाव त्याच्या जागेवरून पडतं. नवं दुसऱ्या खाचेत बसवलंय, त्याचं नाव ईएनपी३एस०. जुनं कार्ड जळून गेलं, पण फाईल अजून त्यालाच हाक मारतेय. नवं बिचारं शेजारी तयार बसलंय, त्याला कुणी बोलावतच नाहीये."

मी काही बोलले नाही.

"मामी? आहेस ना?"

होते. माझ्या डाव्या हाताच्या खणात सीए साहेबांनी दिलेले कागद पडले होते. २०१७ च्या जुलैपासून जीएसटी आला, तेव्हा नोंदणी ह्यांच्या एकट्याच्या नावावर झाली होती. एकट्या मालकाची नोंदणी त्याच्याबरोबर संपते. ती रद्द करायची, धंदा चालवणाऱ्या वारसानं नवी घ्यायची, आणि कराचं जे क्रेडिट शिल्लक असेल ते आयटीसी-०२ ह्या फॉर्मनं नव्या नावावर आणायचं. साहेब तीनदा म्हणाले होते, "ताई, सही करा, वेळ घालवू नका." कागदावर ह्यांच्या नावापुढं 'मृत' लिहायचं होतं आणि खाली मालक म्हणून कुणाचं तरी नाव. माझं का भाऊजींचं, ते मला कुणी विचारलं नव्हतं आणि मीही सांगितलं नव्हतं. तोवर दुकान जळालेल्या नावालाच हाक मारत होतं.

"ते नाव खोडू का?" मी विचारलं.

"खोडू नकोस. त्या ओळींच्या आधी हॅशचं चिन्ह लाव, चार रेघांचं. मग मशीन त्या वाचत नाही, पण ओळी राहतात. खाली नव्या नावानं पुन्हा लिही."

तसं केलं. पत्ता तोच ठेवला. मास्क २५५.२५५.२५५.०, म्हणजे पहिले तीन आकडे सारखे असतील ते सगळे आपल्याच मोहल्ल्यातले. आणि गेटवे १९२.१६८.१.१, म्हणजे गावाबाहेर जायचा दरवाजा, आपल्या शनवाऱ्यासारखा. फाईल जतन केली. इफअप आणि पुढं नवं नाव लिहिलं. मग पिंग आणि दरवाजाचा पत्ता.

एक ओळ आली. मग दुसरी, तिसरी. चौसष्ट बाइट्स, चौसष्ट बाइट्स. कुणीतरी पलीकडून 'ओ' देत होतं. मी त्या ओळी किती वेळ बघत बसले कोण जाणे. भाच्यानंच सांगितलं, "आता कंट्रोल दाब आणि सी. थांबेल ते. आणि मामी, घरी जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी कागदांवर सही केली. मालक म्हणून माझं नाव घातलं. हात कापला नाही असं नाही.

संध्याकाळी भाऊजी आले. मी त्यांना कॉम्प्युटर दाखवला, सही केलेले कागद दाखवले. ते बराच वेळ वाचत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे आता मी येऊन बसायची गरज नाही म्हणा."

"बसा की," मी म्हटलं. "मागवाल्यांची बोली मला अजून कुठं येते? दिवस आहे तोवर चहाही होईल."

ते हसले आणि बसले. अजून येतात. मी आता मागवाल्यांशी बोलते, चुकतमाकत. ते समजून घेतात.

आपल्या महिला मंडळात मी हे सांगितलं तेव्हा एकीनं विचारलं, "एवढं सगळं लक्षात कसं राहिलं गं?" राहिलं नाहीच. ह्यांच्या त्याच वहीत पुढच्या पानावर सगळ्या आज्ञा ओळीनं लिहून ठेवल्यात. पहिली ओळ : आधी कॉपी. दुसरी : मशीनला विचार. तिसरी : ते काय म्हणतं ते पूर्ण वाच.

मधूनअधून ती फाईल मी उघडते. काम काही नसतं. वर हॅश लावलेलं जुनं नाव आहे, खाली नवं चालू आहे. वरचं मशीन वाचत नाही. मी वाचते.