कुणी फोन उचलू नका!

विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ला इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं, तरी आमच्यासारख्यांच्या घरात ते शिरायला आणखी तीन-चार वर्षं गेली. घरात फोनची लाइन एकच आणि हक्क सगळ्यांचा. आतल्या खोलीतला पॅरलल फोन आत्याने उचलला की तिच्या कानात किर्रर्र आणि बाहेरून बोंब, "कुणी उचलला?"

फोनची लाइन माणसाच्या बोलण्यासाठी बेतलेली. साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झच्या पट्ट्यात बसेल तेवढंच ती नेणार. कॉम्प्युटरच्या शून्य-एकांना त्यातून जायचं तर आवाजाचं सोंग घ्यावं लागे. सुरुवातीची ती शीळ आणि खरखर म्हणजे दोन मोडेमची बोलणी: लाइन किती खराब, वेग किती झेपेल. लागणार की तुटणार, हे आम्हाला पुढे नुसत्या कानाने कळायला लागलं.

मोडेमवरचे लाल दिवे तर शेंडेफळालाही पाठ. ओएच लागला, लाइन उचलली. सीडी लागला, पलीकडचा कॅरियर मिळाला. आरडी लुकलुकतोय तोवर काहीतरी येतंय. पावसाळ्यात मात्र सीडी पेटलेला आणि आरडी मधूनच थबकलेला. बिघडून आलेले तुकडे मोडेम पुन्हा मागवत बसे. लाइनमनला चहा पाजणं हा त्यावरचा एक इलाज, आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा तोच लागू पडे.

खोक्यावर ३३.६ छापलेलं, आणि उतरायचं सेकंदाला जेमतेम चार किलोबाइट. दुकानदाराने टोपी घातली, असं बाबांचं ठाम मत. खोक्यावरचा आकडा किलोबिटांचा, आठ बिटांचा एक बाइट, हे समजावल्यावर म्हणाले, "मग बाइटच छापायचे ना!" मुद्दा बिनतोड होता. पुढे ५६ केचा मोडेम आला. तो वेगही फक्त उतरवून घेताना, तेही एक्स्चेंजपासून पलीकडे सगळं डिजिटल असेल तरच. पाठवताना पुन्हा ३३.६.

काहींच्या स्क्रीनवर मात्र चक्क १,१५,२०० झळकायचं. बिल्डिंगभर बोलबाला. खरं तर तो वेग कॉम्प्युटर आणि मोडेम यांच्यामधल्या हातभर केबलचा, बाहेरच्या लाइनचा नव्हेच. हे ज्याला आधी कळलं, त्यानेही आपला आकडा खाली आणून सांगितला नाही.