स्लाऊचे अडीच गुंठे

इंग्लंड म्हटले की राजवाडा, मोठे घड्याळ आणि थेम्स नदीवरचे पूल एवढेच आपल्या डोळ्यांसमोर येते. पण तिथला साधा पगारदार माणूस राहतो कुठे, त्याचे घर केवढे, घरामागे काय असते, हे सहसा कोणी सांगत नाही. आपल्या वऱ्हाडातली मुले आता नोकरीनिमित्त तिकडे संसार मांडू लागली आहेत. माझी मुलगी आणि जावई त्यांपैकीच. त्यांच्याकडे स्लाऊ या गावी मी दोन महिने राहून आलो. कृषी खात्यात आयुष्य गेलेल्या माणसाची नजर इमारतींआधी जमिनीकडे जाते. वाचकांनी हे वर्णन त्याच नजरेचे समजावे.

गव्हाच्या वावरात कारखाने

स्लाऊ हे लंडनच्या पश्चिमेला सुमारे ३२ किलोमीटरवर आहे. लंडनमध्ये घर घेणे झेपत नाही, म्हणून नोकरदार माणूस अशा गावांत राहतो आणि रेल्वेने कामाला जातो. २०२२ पासून एलिझाबेथ लाइन या नव्या रेल्वेमुळे हे जाणे-येणे आणखी सोपे झाले. हीथ्रो विमानतळ हाकेच्या अंतरावर असल्याने डोक्यावरून विमाने सारखी जातात. पहिले दोन दिवस मी वर पाहत असे, मग पाहणे सोडून दिले.

एकेकाळी हा मुलूख शेतीचा होता. माती गाळाची, मऊ, खाली खडी. म्हणजे निचरा उत्तम. गहू चांगला येई, फळबागाही होत्या. 'कॉक्स ऑरेंज पिपिन' हे इंग्लंडचे नावाजलेले सफरचंद याच भागातल्या कोलनब्रुक गावी रिचर्ड कॉक्स नावाच्या गृहस्थाने १८२५ च्या सुमारास बियांपासून तयार केले. दारूभट्टीच्या धंद्यातून निवृत्त झालेला हा माणूस हौसेने झाडे लावत बसला आणि देशाला एक वाण देऊन गेला. आपल्या वरूड-मोर्शीला जसा संत्रा, तसे त्यांना ते सफरचंद.

पुढे १९१८ साली, पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, सरकारने सिप्पेनहॅमच्या चांगल्या शेतजमिनीवर लष्करी मोटारी दुरुस्त करण्याचा डेपो उभारला. युद्ध संपले आणि १९२० साली एका कंपनीने तो डेपो विकत घेतला. मोटारी विकून झाल्यावर तिथली जागा कारखान्यांना भाड्याने देण्यास सुरुवात झाली. आपल्याकडे ज्याला एमआयडीसी म्हणतात, तशी ही फार जुनी वसाहत. मार्स चॉकलेट १९३२ साली स्लाऊमध्येच प्रथम तयार झाले. आपल्या घरात आजारी माणसाला दिल्या जाणाऱ्या हॉर्लिक्सचा कारखानाही याच गावात होता.

काम आले तशी माणसे आली. मंदीच्या काळात वेल्समधून, दुसऱ्या महायुद्धानंतर पंजाबातून आणि पाकिस्तानातून, अलीकडे पोलंडमधून. २०२१ च्या जनगणनेत स्लाऊची जवळजवळ निम्मी वस्ती आशियाई वंशाची निघाली. त्यामुळे मेथी, भेंडी, तूरडाळ, सारे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. मराठी कुटुंबे गणपती बसवतात. लंडनचे महाराष्ट्र मंडळ तर १९३२ पासूनचे आहे.

घर आणि घरची माणसे

अशा वस्तीतले बरेचसे घर हे जोडघर असते. मधली भिंत दोघांची, एक दार त्यांचे, एक आपले. खाली बैठक आणि स्वयंपाकघर, वर दोन बऱ्या खोल्या आणि एक इतकी लहान की तिच्यात खाट टाकली की माणसाने कुठे उभे राहावे हा प्रश्न. भिंती विटांच्या, छप्पर कौलारू. खिडक्यांना दुहेरी काच, कारण सारा झगडा थंडीशी. घराचे कर्ज पंचवीस-तीस वर्षे फेडायचे, त्यासाठी नवरा-बायको दोघांनी कमवायचे. घरकामाला बाई नाही, दूध घालायला गवळी नाही. कचऱ्याचे रंगीत डबे ठरलेल्या वारी आपणच दाराबाहेर ठेवायचे. वार चुकला तर कचरा पुढल्या खेपेपर्यंत घरीच.

शेजारी बोलतो, पण कुंपणावरून आणि बहुधा हवेविषयी. न कळवता कोणी कोणाकडे जात नाही. जूनमध्ये रात्री नऊनंतरही उजेड असतो, तेव्हा माणसे अंगणात दिसतात. डिसेंबरात मात्र दुपारी चारच्या आत सूर्य मावळतो. घरी एकट्या असणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना तो काळ फार जड जातो, असे मुलीने सांगितले. आपल्या ओट्यावरच्या गप्पांची किंमत तिथे गेल्यावर कळते.

स्वस्त वस्तीची दुसरी बाजूही सांगायला हवी. घरांची टंचाई इतकी की काहींनी परसातल्या शेड भाड्याने दिल्या. २०१३ साली तिथल्या नगरपरिषदेने विमानातून उष्णतेची छायाचित्रे घेऊन कोणत्या शेडमध्ये माणसे राहत असावीत याचा शोध घेतला होता. पुढची बाग मोडून फरशी घालायची आणि मोटार उभी करायची, ही चालही सगळीकडे दिसते. तेव्हा तिकडे सारे छानच आहे, असा गैरसमज कोणी करून घेऊ नये.

मजुराच्या हक्काची जमीन

आता मला जे सर्वांत महत्त्वाचे वाटले ते सांगतो. घरांच्या रांगा संपल्या की मध्येच एक मोठे वावर लागते. त्यात लहान लहान तुकडे, प्रत्येकात निराळे पीक. कुठे बटाटा, कुठे कांदा, कुठे काठ्यांवर चढलेल्या शेंगा, कुठे स्ट्रॉबेरी. याला तिकडे 'अलॉटमेंट' म्हणतात. एका पूर्ण तुकड्याचे जुने माप दहा रॉड, म्हणजे सुमारे अडीचशे चौरस मीटर. आपल्या हिशेबाने बरोबर अडीच गुंठे.

ही कोणाची मेहेरबानी नाही. १९०८ च्या कायद्याने ही जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. गावातल्या सहा मतदारांनी लेखी मागणी केली तर तिची दखल घ्यावीच लागते. १९२५ च्या कायद्याने आणखी एक खुंटी ठोकली. अलॉटमेंट म्हणून घेतलेली जमीन सरकारातील मंत्र्याच्या संमतीवाचून विकता येत नाही. कारखान्यात राबणाऱ्या, स्वतःचे वावर नसलेल्या माणसाला भाजीपुरती माती मिळावी, हा त्यामागचा विचार. दुसऱ्या महायुद्धात बाहेरून अन्न येणे अवघड झाले, तेव्हा या तुकड्यांनी घरोघरच्या चुली सांभाळल्या.

भाडे वर्षाचे आणि बेताचे असते. पण तुकडा पडीक ठेवला तर नोटीस येते आणि तो यादीतल्या पुढच्या माणसाला जातो. बऱ्याच ठिकाणी ही यादी काही वर्षांची आहे. मुलीच्या घराजवळच्या वावरात एक निवृत्त पंजाबी कामगार भेटले. मेथी, कोथिंबीर आणि लसूण असा त्यांचा पसारा. पाऊस आपल्या अमरावतीपेक्षा कमी, पण बारा महिने थोडा थोडा पडतो. म्हणून ओलावा टिकतो आणि आपल्यासारखी पाण्याची ओढ सहसा लागत नाही. त्यांची खरी अडचण धुक्यापेक्षा दहिवराची. मे महिना निम्मा होईपर्यंत नाजूक रोप उघड्यावर लावायची सोय नाही. आम्ही तासभर कंपोस्टवर बोललो. दोघांची हिंदी मोडकी, पण शेणखताला भाषा लागत नाही.

याच्या जोडीला हिरवा पट्टा. लंडनभोवतीची मोकळी जमीन राखण्यासाठी १९३८ साली कायदा झाला आणि १९४७ च्या नगररचना कायद्याने त्याला बळ आले. त्यामुळे घरे एका ठिकाणी थांबतात आणि पुढे कुरणे लागतात. या पट्ट्यामुळे घरे महागतात अशी तक्रारही तिकडे आहे. ती खोटी नाही. पण माती एकदा सिमेंटखाली गेली की परत येत नाही, हे त्यांना आपल्या आधी उमगले.

नांदगाव पेठेने काय घ्यावे?

हे सारे सांगण्याचे कारण आपले नांदगाव पेठ. अमरावतीहून नागपूर रस्त्याने निघाले की रहाटगाव मागे पडते आणि हे गाव येते. कापूस, तूर आणि सोयाबीनचा हा मुलूख. इथे एमआयडीसी आली, कापडाचे कारखाने आले, १३५० मेगावॅटचा औष्णिक वीज प्रकल्प आला. त्याला ऊर्ध्व वर्धा धरणाचे पाणी द्यायचे ठरले, तेव्हा सिंचनाच्या पाण्यावरून केवढा वाद झाला ते शेतकऱ्यांना आठवत असेलच. आता पीएम मित्र वस्त्रोद्योग उद्यान होत आहे. एक हजार एकरांच्या या उद्यानाचे भूमिपूजन २० सप्टेंबर २०२४ रोजी झाले.

म्हणजे १९१८ ला स्लाऊ जिथे होते, तिथे आज आपण आहोत. अमरावतीत प्लॉट परवडत नाही म्हणून माणसे इकडे सरकणार. धुरे मोडून लेआऊट पडणार. पोरांना रोजगार मिळणार, हेही चांगलेच. विकासाला माझा विरोध नाही. पण नंतर सुचून उपयोग नसतो, म्हणून काही गोष्टी आताच कराव्यात.

पहिली, गावची ई-क्लास जमीन आणि नाले यांची मोजणी करून हद्दीच्या खुणा पक्क्या कराव्यात. दुसरी, मोठ्या लेआऊटमध्ये नियमाने दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते. ती कागदावर न राहता जमिनीवर आहे का, हे ग्रामसभेने पाहावे. तिसरी, अशा एखाद्या जागेत बचत गटाच्या भगिनींना किंवा वावर गेलेल्या कुटुंबांना गुंठा-दोन गुंठे भाजीपाल्यासाठी वर्षाच्या करारावर देता येतील का, हे नियम तपासून ठरवावे. पाणी सांडपाण्यातून शुद्ध करून घेता येईल. आणि चौथी, ज्यांनी जमीन विकली त्यांनी घर बांधताना परसात चार हात माती उघडी ठेवावी. शेवगा, लिंबू, कढीपत्ता आणि एक वेल, एवढ्यावर घरची निम्मी भाजी निघते.

स्लाऊमध्ये कारखाने आले आणि गव्हाचे वावर गेले, पण गेलेल्या शंभरातले दोन-चार गुंठे कामगाराच्या नावाने कायद्यात बांधून ठेवले गेले. आपल्याकडे वावर अजून पूर्ण गेलेले नाही. येत्या ग्रामसभेत हा विषय मांडायला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही.