जोशी रोडवरचं झाड

कलकत्त्याचा एक स्नेही म्हणाला, "उद्या तुला जोशोर रोडनं नेतो." मी ऐकलं 'जोशी रोड'. ऊर भरून आला. आमच्यापैकी कुणीतरी इथवर येऊन रस्त्याला नाव देऊन गेला, आणि कुलवृत्तांतात त्याचा साधा उल्लेख नाही! खुलासा दुसऱ्या दिवशी दमदमच्या पुढे झाला. जोशोर म्हणजे सीमेपलीकडचं, बांगलादेशातलं गाव. इंग्रजांनी त्याचं 'जेसोर' केलं. जोशी त्यांच्या तावडीत सापडले असते तर काय झालं असतं, देव जाणे.

गाडीत स्नेह्याच्या सत्तरीच्या आई होत्या. त्यांना मी माशीमा म्हणतो. सीमेवरचं पेट्रापोल जेमतेम 80 किलोमीटर, म्हणून मी म्हटलं, "दोन तासांत पोचू." माशीमा नुसत्या हसल्या. बारासात गेलं, हाबरा आलं. प्रत्येक गावी अख्खा बाजार रस्त्यावर येऊन बसलेला. गाव संपलं की मात्र दोन्ही बाजूंना रेन ट्रीची प्रचंड झाडं. बंगाली लोक त्यांना शिरीष म्हणतात. काली पोद्दार नावाच्या जमीनदारानं आईला गंगास्नानाला जाता यावं म्हणून हा रस्ता बांधला आणि तिला ऊन लागू नये म्हणून झाडं लावली, असं सांगतात. (मी आमच्या मातोश्रींसाठी न्हाणीघरात गीझर बसवला, तर वर्षभर सगळ्यांना सांगत होतो.)

1971 मध्ये पूर्व पाकिस्तानातून सुमारे 1 कोटी माणसं भारतात आली. त्यातली कितीतरी ह्याच रस्त्यानं. पंधरा वर्षांच्या माशीमा त्यांत होत्या. अकरा दिवस त्या घरच्यांबरोबर एका झाडाखाली राहिल्या. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रेल्वेवरच्या पुलांसाठी इथली 356 झाडं तोडायला परवानगी दिली, तेव्हापासून त्यांनी एकच धोसरा लावला होता : माझं झाड त्यांत आहे का, ते बघायचंय.

गायघाटाच्या पुढे "हेच!" म्हणून त्यांनी गाडी थांबवली. उतरल्या, बुंध्यावरून हात फिरवला. "नव्हे." असं तीनदा झालं. चौथ्या झाडाशी मात्र त्या काही बोलल्याच नाहीत. मुळांमधल्या खोबणीत पदर सावरून बसल्या. "इथं बाबा झोपायचे," एवढंच.

स्नेही आयुष्यभर हिशेबखात्यात. त्याला गप्प राहवेना. सर्वोच्च न्यायालयानं नेमलेल्या समितीनं 2021 मध्ये झाडांची किंमत काढली होती म्हणे. वयाच्या दर वर्षाला 74,500 रुपये. "आई, हे दीडशे वर्षांचं धरलं तर 1 कोटी 11 लाख 75 हजारांचं!"

"मग अकरा दिवसांचं भाडं किती झालं?"

त्यानं खरंच आकडेमोड केली. "2,245 रुपये."

"तेवढी बाकी राहिली माझ्याकडे," माशीमा म्हणाल्या आणि डोळे पुसून माझ्याकडे वळल्या. "तूसुद्धा मघापासून सावलीतच उभा आहेस हं!"

मी मुकाट्यानं उन्हात सरकलो.